शनिवारी नांगर धरण्याचा हुकूम

इथिओपियाचा सम्राट सुसेन्योस याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेला एक हुकूम जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने आपल्या प्रवासग्रंथात नोंदवून ठेवला आहे. नांगरणी, पेरणी अशी शेतातली कामे रयतेने शनिवारी उघडपणे करावीत, असा तो हुकूम. पहिल्या वेळी कसूर झाली तर सुती कापडाचा एक तागा दंड. दुसऱ्यांदा झाली तर घरातली सगळी जंगम मालमत्ता जप्त, आणि त्या गुन्ह्याला सात वर्षे माफी नाही.

हुकूम काढणारा ख्रिस्ती होता. ज्यांच्यावर तो बजावला, ते शेतकरीही ख्रिस्ती होते, आणि त्यांच्या वाडवडिलांनी हा धर्म स्वीकारला तो युरोपातल्या पुष्कळशा देशांच्या आधी. हुकूम काढण्याचा सल्ला ज्यांनी दिला, ते धर्मगुरू गोव्याहून गेलेले होते. शनिवारी नांगर धरला तर तू खरा ख्रिस्ती, घरी बसलास तर यहूदी वळणाचा, असा हिशेब होता. ख्रिस्ती माणसाने शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा, शनिवारचा विसावा, पाळावा की नाही, या प्रश्नावर चर्चा सगळीकडेच झाल्या. इथिओपियात त्यावरून युद्धे पेटली.

माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. माझे वडील नगर जिल्ह्यात पाळक होते. आमच्या घरी दहा आज्ञा पाठ म्हणायच्या, आणि चौथी आली की धाकट्या भावंडांचीही चुळबुळ थांबायची, कारण ती आज्ञा आमच्या रोजच्या जगण्यात उतरलेली होती. रविवारी आई सुई हातात घेत नसे. दळण शनिवारी संध्याकाळी येऊन पडलेले असे. रविवारच्या बाजारात आमच्यापैकी कोणी दिसले तर मंडळीत बोलणे व्हायचे. (वसईच्या कॅथलिक घरांत हीच आज्ञा तिसरी म्हणून मोजतात, आज्ञा तीच, मोजणी वेगळी.) पण आज्ञा सातव्या दिवसाची आहे आणि आम्ही पाळतो तो आठवड्याचा पहिला दिवस, हे मला शाळेत असतानाच खटकले होते. वडिलांनी उत्तर म्हणून कलस्सैकरांस पत्र उघडून दिले. सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये, असे पौल तिथे लिहितो. मला ते तेव्हा पटले आणि आजही पटते. मात्र त्या वचनाची धार दोन्हीकडून लागते. शनिवार न पाळणाऱ्याचा न्याय करायचा नाही, तसा पाळणाऱ्याचाही करायचा नाही. ख्रिस्ती इतिहासात ही दुसरी बाजू फार थोड्यांनी सांभाळली.

सुरुवातीच्या मंडळीत दोन्ही दिवसांना जागा होती. प्रभू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला म्हणून त्या दिवशी भाकर मोडायला जमणे हे प्रेषितांच्या काळापासूनचे. इसवी सन १५० च्या सुमारास जस्टिन या रक्तसाक्षी लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. पण रविवार आला म्हणून शनिवार लगेच गेला नाही. पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो की जगभरातल्या बहुतेक मंडळ्या दर शब्बाथालाही प्रभुभोजन घेतात. रोम आणि अलेक्झांड्रिया इथले लोक तेवढे घेत नाहीत. रोममध्ये तर शनिवारी उपास करत आणि मिलानमध्ये करत नसत. या फरकाने ऑगस्टीनची आई मोनिका गोंधळून गेली, तेव्हा बिशप अँब्रोसने सांगितले की मी रोमला गेलो की शनिवारी उपास करतो, इथे असलो की करत नाही. ज्या गावच्या मंडळीत जाल तिची रीत धरा. इतके शहाणपणाचे उत्तर या विषयावर पुन्हा फारसे कोणी दिले नाही.

दुसरीकडे दडपणही वाढत होते. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने सूर्याच्या वारी न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांनी विसावा घ्यावा असा कायदा केला. शेतकऱ्यांना मात्र त्याने मोकळीक ठेवली, कारण पेरणीची वेळ टळून चालत नाही. त्याच शतकात आशिया मायनरमधल्या लावदिकीयाच्या सभेने ठराव केला की ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांसारखा शब्बाथाला विसावा घेऊ नये, त्या दिवशी काम करावे. सुसेन्योसच्या हुकुमाचे मूळ इतके जुने आहे.

मराठी वाचकाला इथिओपिया परका नाही. आपण त्या देशाला हबसाण म्हणत आलो, जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे आणि मलिक अंबरमुळे तिथली माणसे आपल्या इतिहासात पक्की बसली आहेत. पण तिथल्या ख्रिस्ती मंडळीविषयी आपल्याकडे, ख्रिस्ती घरांतसुद्धा, फार थोडे बोलले जाते. तिथल्या अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला. तिथला पहिला बिशप फ्रुमेंतियस याला अलेक्झांड्रियाच्या अथनासियसने दीक्षा दिली, आणि तेव्हापासून १९५९ पर्यंत इथिओपियाच्या मंडळीचा प्रमुख अलेक्झांड्रियाच्या गादीखालीच राहिला. हा प्रमुख, म्हणजे अबूना, इजिप्तहून यायचा. गंमत पाहण्याची नाही, दुःख समजून घेण्याची ही जागा आहे: वर बसलेला अबूना शनिवार न पाळणाऱ्या परंपरेतला, आणि खालची रयत व भिक्षू शनिवार जिवापाड जपणारे.

ही ओढाताण उघड्यावर आणली एवोस्तातेवोस या भिक्षूने. त्याचा जन्म १२७३ च्या सुमाराचा. त्याचे म्हणणे सरळ होते: दहा आज्ञा देवाने दिल्या, त्यांतली एक रद्द झाल्याचे ख्रिस्ताने कुठे सांगितले नाही, आणि प्रेषितांच्या नावाने चालत आलेल्या नियमग्रंथांत शनिवार व रविवार दोन्ही दिवस विसावा घ्यावा असे लिहिले आहे. हे नियमग्रंथ इथिओपियात पवित्र शास्त्राच्या मानाचे होते, म्हणून त्याचा दावा कोणाला हसण्यावारी नेता आला नाही. रविवार तो नाकारत नव्हताच. पहिला शब्बाथ शनिवारचा, आणि ख्रिस्ती लोकांचा शब्बाथ रविवारचा. देवाच्या विसाव्याची आठवण एक, पुनरुत्थानाची दुसरी. विरोध इतका झाला की त्याला देश सोडावा लागला. इजिप्त, यरुशलेम, सायप्रस असे फिरत तो आर्मेनियाला पोचला आणि १३५२ मध्ये तिथेच वारला. आपले वस्त्र पाण्यावर अंथरून शिष्यांसह त्याने समुद्र ओलांडला, अशी कथा त्याच्या चरित्रात आहे आणि तिथल्या चित्रांतही रंगवलेली असते.

त्याचे शिष्य परत आले. त्यांना दीक्षा नाही, दरबारात प्रवेश नाही, इतर चर्चमध्ये जागा नाही. ते उत्तरेच्या डोंगरांत, आजच्या एरिट्रियाच्या भागात सरकले आणि मठ उभे करून राहिले. त्यांतला देब्रे बिझेन मठ आजही नांदता आहे. १४०० साली सम्राट दावितने त्यांना सभेला बोलावले. शनिवार सोडा म्हटले, त्यांनी सोडला नाही. त्यांचा म्होरक्या फिलिपोस याला कैदेत टाकले. चार वर्षांत सम्राटालाच माघार घ्यावी लागली. फिलिपोस तुरुंगातून सुटला आणि त्याचे लोक शनिवार पाळण्याची मोकळीक घेऊन गेले, पण बाकीच्यांवर अजून तो लागू नव्हता.

तिढा सोडवला झारा याकोब या सम्राटाने. हा स्वतः धर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा राजा होता, आणि कठोरही होता. १४५० मध्ये त्याने देब्रे मित्माक इथे सभा भरवली. इजिप्तहून आलेल्या बिशपांनी दोन्ही शब्बाथ मान्य केले, आणि एवोस्तातेवोसच्या अनुयायांनी त्या बिशपांच्या हातून दीक्षा घेणे मान्य केले. शंभर वर्षांची फूट एका देवाणघेवाणीने सांधली गेली. याच्या आठच वर्षे आधी, १४४२ मध्ये, फ्लोरेन्सला पोपने नेमके उलटे जाहीर केले होते: सुवार्ता पसरल्यानंतर जे शब्बाथ पाळतील ते तारणाला मुकतील. एकाच दशकात ख्रिस्ती जगाच्या दोन टोकांनी दोन निर्णय दिले. हे दोन निर्णय पुढे समोरासमोर आले ते गोव्यामुळे.

१५२० मध्ये गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज आरमाराने एक वकिलात इथिओपियात उतरवली. तिच्याबरोबर गेलेला फ्रान्सिस्को अल्वारेस हा पाद्री सहा वर्षे तिथे राहिला, आणि लोक शनिवार-रविवार दोन्ही पाळतात हे त्याने बारकाईने लिहून ठेवले. इथिओपियाचा वकील म्हणून लिस्बनला गेलेला भिक्षू झागा झाब याच्याशी तिथल्या पंडितांनी वाद घातले आणि त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले. आपल्या लोकांच्या श्रद्धेचा खुलासा त्याने लिहून दिला. तो १५४० मध्ये छापला गेला आणि पोर्तुगालात लगेच त्याच्यावर बंदी आली. इतक्या दूरून बंधू म्हणून आलेल्या माणसाला मेजापाशी बसू दिले नाही, याचा मला वाचताना फार राग आला होता, अजून येतो.

पोर्तुगिजांना शनिवार इतका का सलत होता, हे कळायला त्यांच्या घरात डोकवावे लागते. १४९७ मध्ये पोर्तुगालने आपल्या यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा दिला. त्यानंतर या 'नव्या ख्रिस्ती' लोकांपैकी कोण गुपचूप जुना धर्म पाळतो, हे हुडकणे हाच इन्क्विझिशनचा धंदा झाला. शुक्रवारी संध्याकाळी घर झाडले, शनिवारी धुतलेला सदरा घातला, चुलीत विस्तव दिसला नाही, एवढ्यावर शेजारी चुगली करत. हे न्यायासन १५६० मध्ये गोव्यात आले. भारतीय औषधी वनस्पतींवर ज्याने १५६३ मध्ये गोव्यात ग्रंथ छापला, तो वैद्य गार्सिया द ओर्ता मरून गेला होता, तरी १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. त्याच्या बहिणीला त्याआधी १५६९ मध्ये जिवंत जाळले होते. ज्या शहरात शनिवारचा स्वच्छ सदरा पुरावा ठरत होता, त्या शहरातून निघालेले धर्मगुरू इथिओपियातला शनिवार कोणत्या नजरेने पाहणार? शास्त्र त्यांच्यापाशी होते, विद्वत्ताही होती. पण नजर भीतीने आधीच ठरून गेली होती.

इथिओपियावर पोर्तुगिजांचे उपकारही होते, ते विसरून चालणार नाही. अहमद ग्रान्य या मुसलमान सेनानीच्या स्वारीत राज्य बुडायला आले, तेव्हा वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हांव १५४१ मध्ये चारशे सैनिक घेऊन उतरला आणि पुढल्या वर्षी पकडला जाऊन मारला गेला. उरलेल्यांच्या मदतीने तरुण सम्राट गलावदेवोसने १५४३ मध्ये युद्ध जिंकले. बारा वर्षांनी गोव्याहून गोन्सालो रॉड्रिग्ज हा जेझुइट पाद्री आला आणि रोमची सत्ता माना म्हणू लागला, तेव्हा याच गलावदेवोसने आपला विश्वास लेखी मांडला. १५५५ सालचा हा मजकूर मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा वाटतो. तो म्हणतो की आम्ही शब्बाथ पाळतो तो यहुद्यांसारखा नाही. ते त्या दिवशी पाणी भरत नाहीत, विस्तव पेटवत नाहीत, रांधत नाहीत, एका घरून दुसऱ्या घरी जात नाहीत. आम्ही त्या दिवशी प्रभुभोजन घेतो आणि प्रीतिभोजन घालतो, जसे प्रेषितांनी सांगितले तसे. आणि तरीही तो दिवस रविवारच्या तोडीचा आम्ही मानत नाही.

सम्राट, पण वाक्यांत कुठे मग्रुरी नाही. ज्यांच्या शिपायांनी आपले राज्य वाचवले त्यांना तो शांतपणे सांगतो की आमची रीत आम्हांला ठाऊक आहे, आणि ती ख्रिस्ताची आहे. उत्तर पुरेसे होते. जेझुइटांना ते पुरेसे वाटले नाही.

पेद्रो पाएझ हा त्यांच्यातला सर्वांत समंजस माणूस. १५८९ मध्ये गोव्याहून निघाला, अरबस्तानच्या किनाऱ्यावर पकडला गेला, येमेनमध्ये सात वर्षे कैदेत राहिला, सुटून गोव्याला परतला आणि पुन्हा निघून १६०३ मध्ये इथिओपियात पोचला. भाषा शिकला, भांडण टाळून बोलत राहिला. तरुण सम्राट झा देंगेल त्याच्या बोलण्याने भारावला आणि त्याने शनिवार पाळण्यावर बंदी घातली. पाएझ त्याला घाई करू नका म्हणत होता. १६०४ मध्येच बंड झाले आणि झा देंगेल लढाईत मारला गेला.

पुढे सुसेन्योस आला. त्याला पोर्तुगिजांची लष्करी मदत हवी होती, आणि पाएझवर त्याचा खरा लोभही होता. वाद वाढत गेले, १६१७ मध्ये अबूना सिमोन बंडखोरांच्या बाजूने लढाईत पडला. १६२० च्या सुमारास शनिवारची बंदी आली आणि बेगेमदेरचा सुभेदार योनाएल तिच्याविरुद्ध उठला. नांगराचा हुकूम याच धामधुमीतला. पाएझ १६२२ मध्ये वारला. त्याच्या जागी १६२५ मध्ये रोमने नेमलेला कुलपती अफोन्सो मेंदेस आला, आणि पाएझने जे जे हळूहळू केले असते ते त्याने फर्मानांनी केले. १६२६ मध्ये सुसेन्योसने त्याच्यापुढे गुडघे टेकून रोमशी निष्ठा वाहिली. (त्याच वर्षी इकडे दख्खनमध्ये मलिक अंबर मरण पावला.) मग लोकांना पुन्हा बाप्तिस्मा, याजकांना पुन्हा दीक्षा, चर्चचे पुन्हा शुद्धीकरण, पंचांग बदललेले, उपास बदललेले आणि शनिवार गुन्ह्यात जमा.

पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या माणसाला तुझा बाप्तिस्मा खरा नव्हता म्हणणे म्हणजे त्याच्या मेलेल्या आईबापांनाही बाहेर काढणे. लोक उठले यात नवल नाही. वलत्ता पेत्रोस ही सरदार घराण्यातली बाई नवऱ्याला सोडून भिक्षुणी झाली, सम्राटाच्या धर्माविरुद्ध गावोगाव बोलत फिरली, हद्दपारी भोगली. आज ती तिथे संत म्हणून पुजली जाते. लास्ताच्या डोंगरातले शेतकरी वर्षानुवर्षे लढत राहिले. १६३२ च्या जूनमध्ये सुसेन्योसने त्यांच्यावर मोठा विजय मिळवला. आठ हजार माणसे पडल्याचे सांगतात. त्याच्याच माणसांनी त्याला रणभूमी दाखवली आणि म्हटले की हे मेलेले मुसलमान नाहीत, मूर्तिपूजक नाहीत, हे ख्रिस्ती आहेत, आपलेच आहेत. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने जाहीर केले की वाडवडिलांचा धर्म तुम्हांला परत देत आहे. राज्य मुलाकडे, फासिलिदेसकडे दिले आणि सप्टेंबरात तो मेला. फासिलिदेसने जेझुइटांना घालवून दिले. मेंदेस तुर्कांच्या कैदेतून सुटत गोव्याला पोचला, तिथे त्याने आपल्या मोहिमेवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, आणि गोव्यातच त्याचा अंत झाला.

इथिओपियाची मंडळी आजही दोन्ही शब्बाथ मानते.

मी रविवार पाळते. पुनरुत्थानाचा दिवस म्हणून पाळते, आणि शनिवार माझ्यावर बंधनकारक आहे असे मला वाटत नाही. पण हा इतिहास वाचल्यावर, शनिवार पाळणारा ख्रिस्ती म्हणजे सुवार्ता न कळलेला, असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. आपल्या कोकणातही शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल यहूदी होते. शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले आणि सोमवारी त्यांच्याकडून तेल घेतले. अलिबागच्या खेडुताला जे जमले ते गोव्याच्या विद्वानांना जमले नाही.

पुण्याला सॅलिसबरी पार्कात आणि स्पायसर महाविद्यालयाच्या परिसरात राहणारे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट लोक मला नोकरीच्या काळात भेटले. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचे काम थांबते. मी इतिहास शिकवत होते त्या शाळेत, आणि ती मिशनची शाळा होती, त्यांच्यातला एक मुलगा नववीत होता. तोंडी परीक्षा शनिवारी ठेवली. तो आला नाही, त्याला शून्य मिळाले. शिक्षकांच्या बैठकीत मी सोमवार मागितला. उत्तर मिळाले की हे यहूदी खूळ आहे, ख्रिस्ती शाळेत त्याचे लाड नकोत. नेमके हेच वाक्य मी गोव्याच्या आणि इथिओपियाच्या इतिहासात वाचले होते. बैठकीने मला नाही म्हटले. मुलाचे ते वीस गुण गेले ते गेलेच.

आता मी निवृत्त आहे आणि बैठकीत माझे मत चालत नाही. म्हणून इथे लिहिते. ख्रिस्ती शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे चालवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे: ज्याला शनिवार पवित्र आहे, त्याची परीक्षा, मुलाखत आणि कामाची पाळी दुसऱ्या दिवशी ठेवा. त्याने अर्ज करण्याची वाट पाहू नका, नियमातच लिहा. येत्या जूनला वेळापत्रक करताना हे करता येईल.